सोनकड्याचं पाणी मैलूरला

सासूला कसं हाताळावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ बीदरला यावं, मैलूरला उतरावं आणि रेणुका टीचरचं घर कुठं म्हणून विचारावं! असं मी अगदी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते. आता कुणी विचारायला आलं, तर मी मागच्या दारानं शेजारी जाऊन बसते.

झालं असं, की आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई नागूबाई, गुडघ्याच्या दुखण्यापायी मादन हिप्परग्याहून आमच्याकडं राहायला आल्या. सगळा जन्म शेतात गेलेला. मैलूरच्या चार खोल्यांत त्यांचा जीव कसा रमणार? पहाटे उठायच्या, अंगण झाडायच्या, मग शेजारचं झाडायच्या, मग रस्ता. एके दिवशी शेजारच्या पंचशीलाताईंच्या कुंड्यांमधली शोभेची झाडं "काय तन माजलंय गं ह्ये!" म्हणत मुळासकट उपटली आणि बांधावर टाकावी तशी गेटबाहेर रचून ठेवली. पंचशीलाताई दवाखान्यात नर्स. ड्युटीवरून आल्या आणि रिकाम्या कुंड्यांकडं बघत नुसत्या उभ्या राहिल्या.

माझा नवरा बालाजी म्हणाला, "मायला कशात तरी गुंतवावं लागंल."

एवढं बोलून तो दुकानात गेला. त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. घरात आवाज वाढला की दुकानात नवा माल आल्याचं त्याला हमखास आठवतं.

मग मी डोकं चालवलं! संध्याकाळी साडेसातला मी एक ऐतिहासिक मालिका बघत असे, 'सोनकड्याची गडकरीण'. आत्याबाईंना हाताला धरून सोफ्यावर बसवलं आणि म्हटलं, "ही चंद्राऊ. हिचा नवरा लढाईत गेला. हा तिचा दीर जगदेवराव, ह्याचा गडावर डोळा हाय."

आत्याबाईंनी जगदेवरावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चेहऱ्यावरच दिसायलाय हलकटपना," म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या. गुडघा दुखतोय हेसुद्धा विसरल्या! त्या दिवसापासून घरात शांतता. कुंड्यांत नव्या झाडांना पालवी फुटली. मी शाळेतल्या बायकांना सल्ले देत सुटले.

आणि मग सोनकड्याला वेढा पडला.

गडावर खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं असतं. त्या टाक्यात पाणी कुठून येतं, ती वाट जगदेवरावानं शत्रूला दाखवली. वाट बुजवली. टाकं कोरडं! तिकडं चंद्राऊनं टाक्याच्या काठावर उभं राहून आरोळी ठोकली, "जोवर या टाक्यात पाणी दिसत नाही, तोवर ही चंद्राऊ अन्नाला शिवणार नाही!" ढोल वाजले, वीज कडाडली, भाग संपला. मला वाटलं, उद्या येईल पाणी. कसलं काय! दुसऱ्या दिवशी सगळा भाग नुसते डोळे! चंद्राऊचे डोळे, जगदेवरावाचे डोळे, घोड्याचे डोळे. मंगळवारी एका म्हातारीच्या हातून घागर निसटली, ती गुरुवारी जमिनीला टेकली! शनिवारी तर नायिका झोपलीच, आणि आम्ही अर्धा तास तिला झोपलेली बघितली.

जिवाला नुसती तगमग! मी वर्गात गणिताचा तास घ्यायला गेले आणि फळ्यावर 'पाणी' लिहून उभी राहिले. वरणात मीठ दोनदा, चहात एकदा. आत्याबाई तर जाहिरात लागली की उठून गेटपर्यंत जायच्या, जसा काही निरोप्या रस्त्यानं यायलाय!

अशाच एका संध्याकाळी भाग संपला, मी ताटं वाढली, आणि आत्याबाईंनी ताट हातानं पुढं सरकवलं.

"मला नगं."

"कामून? बरं वाटंना का?"

"मला काय झालंय? टाक्यात पानी आल्याबिगर मी बी अन्नाला शिवनार न्हाई."

बालाजीचा घास हातातच राहिला. "माय, अगं ती शिरेल हाय!"

"हाय तर हाय. लेकरं तडफडायलीत तितं, आन् मी हितं भाकरी मोडू व्हय?"

बालाजीनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, काळजी करू नका. सकाळी भाकरीचा वास आला की आपोआप येतील चुलीपाशी!

सकाळी मी मुद्दाम लसणाची चटणी कुटली, तव्यावर ज्वारीची भाकरी टम्म फुगवली आणि पदरानं वास बाहेरच्या खोलीकडं ढकलला. आत्याबाई आल्या. मी मनातल्या मनात झेंडा फडकवला. त्यांनी चहाचा कप उचलला आणि परत गेल्या.

"उपासाला चहा चालतो वाटतं?" मी विचारलं.

"गडावर चहाच न्हवता. जी वस्तू न्हवतीच ती सोडायची कशी?" त्या म्हणाल्या. त्याच न्यायानं केळं आणि बिस्किटही चालत होतं. पण भाकरी नाही, भात नाही, वरण नाही. माणूस सत्तरीचं, त्यात शुगरची गोळी चालू. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीला धरून चालायला लागल्या, तेव्हा माझी टरकली. पंचशीलाताईंना बोलावलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, बोट टोचलं आणि मला बाजूला घेतलं.

"मावशींना असं जास्त दिवस ठेवू नका. चक्कर येऊन पडल्या तर हाड मोडंल. कायबी करा, जेवू घाला. पन ह्या कशापायी उपाशी बसल्यात?"

"पाण्यापायी," मी पुटपुटले. सिरीयल म्हणायला जीभ धजेना हो! टीचर ना मी!

मग मी सगळ्या युक्त्या केल्या. "फोनवर आलंय, उद्या टाक्यात पाणी येणार!" म्हणाले. तर म्हणे, "फोनवरचं खरं नसतं म्हनून तूच तर लेकरांना सांगतीस." फोनमधून एक जुना भाग शोधून टीव्हीवर लावला. त्यात चंद्राऊ धबधब्याखाली उभी. "बघा, आलं की नाही पाणी!" आत्याबाईंनी चष्मा पुसला. "ह्ये नवरा जित्ता व्हता तवाचं हाय. नाकात नथ हाय बघ की!"

शेवटी मी चिडले. "अहो आत्याबाई, ती नटी हाय! तिकडं गडावर ओठांना लाली लावून उपाशी बसली, आणि कॅमेरा बंद झाला की बिर्याणी खात असंल!"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाठ फिरवली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बालाजी पोटात व्हता तवा त्याचा बाप गेला. भावकीला वाटलं, बाई हाय, जाईल माहेराला. हिरीवरचा दोर काढून नेला त्येनी. पोहरा बी नेला. मी लुगडं फाडून दोर केला आन् पानी शेंदलं. पर रान सोडलं न्हाई. तवा गावात समद्यांला ठावं व्हतं, आन् समदी दोन येळ जेवत व्हती. माझ्यासाठी कुनी येक घास बी सोडला न्हाई. म्हनून म्हनलं, हिच्यासाठी मी सोडते."

 मी उठले, त्यांच्यासाठी चहा केला. साखरेऐवजी मीठ घातलं, तरी त्यांनी कप रिकामा केला.

आता इथं आमच्या लेआउटबद्दल, म्हणजे वसाहतीबद्दल सांगायला हवं. आमची घरं मैलूरच्या अगदी टोकाला. प्लॉट विकताना मालक चन्नबसप्पा यांनी सगळ्यांना एक उंच टाकी दाखवली होती. "ह्या टाकीचं पाणी थेट तुमच्या स्वयंपाकघरात!" टाकी आहे. अजून आहे! कबुतरं सुखानं नांदतात तिच्यात. फक्त मोटर आणि पाइप जोडायचं राहिलं होतं, ते आम्ही राहायला आल्यापासून राहिलंच होतं. विचारायला गेलं की चन्नबसप्पा इतकं गोड बोलायचे, की माणूस तहानलेला जायचा आणि त्यांच्याकडं लस्सी पिऊन परत यायचा.

ह्या टाकीसाठी एकटेच झगडत होते ते भीमण्णा, निवृत्त बस कंडक्टर. दर रविवारी बैठक बोलवायचे. बैठकीला भीमण्णा आणि सतरंजी एवढेच हजर असायचे.

तर मी शाळेत गेले असताना हे भीमण्णा आमच्या गेटवरून चालले होते. आत्याबाई ओसरीत डोळे मिटून पडलेल्या. पुढचं संभाषण मला नंतर दोघांकडूनही कळलं, आणि दोघांचंही तंतोतंत जुळतं, हेच तर दुर्दैव!

"अक्का, अशा कामून पडलाव? बरं न्हाई का?"

"अन्न सोडलंय."

"कशासाटी?"

"टाक्यात पानी न्हाई म्हनून."

भीमण्णांच्या हातातली पिशवी गळून पडली. "टाकीत?"

"ठणठणाट हाय नुसता. लेकरंबाळं तडफडायलीत. आन् समदी गप बसल्यात!"

"खरं हाय अक्का! कुनीच बोलायला तयार न्हाई!"

"येका गद्दारानं केलंय समदं. तोंडावर गोड बोलतो मुडदा, आन् मागनं पान्याची वाट बंद करतो."

"अक्का," भीमण्णा गेट उघडून आत आले, "लस्सी बी पाजवतो!"

आत्याबाईंना हा लस्सीचा भाग कुठल्या वारी झाला ते आठवेना, पण त्या म्हणाल्या, "पाजवत आसंल. जातच तसली त्येची!"

मी शाळेतून परतले तर आमच्या गेटसमोर मांडव! सतरंज्या, माईक, वर कापडी फलक, अर्धा कन्नडमध्ये, अर्धा मराठीत : 'टाकीत पाणी, मगच अन्न! नागूअक्कांचं आमरण उपोषण!' आणि फलकाखाली, लोडाला टेकून, गळ्यात झेंडूचा हार घालून आत्याबाई! जिच्यातून भीमण्णांच्या बैठकीला कधी कुणी फिरकलं नव्हतं, ती सगळी गल्ली मांडी घालून बसलेली. कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, दखनी बोलणारे, सगळे एका सुरात ओरडत होते, "टाकीत पाणी! आलंच पाहिजे!"

मी धावत जाऊन आत्याबाईंच्या कानाशी वाकले. "ह्ये काय हाय?"

त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "बघ की गं रेणुका! मला वाटलं आपुन दोघीच बघतो. आख्खी गल्ली बघायलीय आपली शिरेल!"

माझ्या पायाखालची फरशी सरकली. सगळं क्षणात कळलं! मी माईककडं वळले. सांगून टाकायचं, बस्स! तोंड उघडलं. तेवढ्यात समोरून पंचशीलाताई आल्या, रात्रपाळी करून सुजलेल्या डोळ्यांनी, हातात दोन घागरी. बोअरवेलवरून रोज पाणी वाहायच्या त्या. म्हणाल्या, "टीचर, तुमच्या सासूबाईंनी आमच्यासाठी जीव पणाला लावला. आणि मी त्यांच्यावर झाडांवरून रुसले होते!" आणि डोळे पुसले.

मी तोंड मिटलं. खरं सांगू? माझ्या स्वयंपाकघरातही नळ होताच की, नवा कोरा, कधीही न भिजलेला!

बालाजीला फोन केला. "अहो, लगेच या!"

"कामून?"

"मायचं आंदोलन सुरू झालंय."

"मग मला उशीर व्हईल," तो म्हणाला, "आत्ताच माल उतरायलाय."

एवढ्यात मोटारसायकलवरून लिंगराज आला. हा मोबाईलवरून बातम्या देतो. बातमी नसली तर एखादी म्हैस रस्त्यात बसल्याचं थेट प्रक्षेपण करतो. त्यानं माईक आत्याबाईंच्या तोंडापाशी धरला.

"अज्जी, तुमची मागणी काय?"

"गद्दाराचा कडेलोट!"

टाळ्यांचा कडकडाट!

"त्यांच्याशी चर्चा करणार का?"

"फितुराशी कसली चर्चा? तोफेच्या तोंडी द्या त्येला!"

भीमण्णा उठून नाचायला लागले. मी मागून आत्याबाईंचा पदर ओढत होते. त्यांना वाटलं, मी पदर सावरायलेय. त्या आणखी ताठ बसल्या.

"तो माफी मागायला आला तर?"

आत्याबाईंनी मान हलवली. "त्यो येनार न्हाई. चोर-वाटंनं पळून जाईल. आदी त्या चोर-वाटंला पहारा बसवा!"

झालं! चार पोरं लगेच लेआउटच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

ती चित्रफीत आळंदला गेली, औरादला गेली, हैदराबादच्या बसमध्ये बसलेल्या लोकांनी बघितली. चन्नबसप्पा कलबुर्गीला कुणाच्या तरी साखरपुड्यात जेवायला बसले होते. शेजारच्या पाहुण्यानं फोन पुढं केला. "ह्ये तुमचंच लेआउट न्हवं?" चन्नबसप्पांनी 'तोफेच्या तोंडी' ऐकलं आणि जिलेबी टाकून उठले म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरमधून पाइप आले, मोटर आली, माणसं आली. जे काम होत नव्हतं ते डोळ्यांदेखत होऊ लागलं! कबुतरं उडाली, टाकी घासली, मोटर घरघरली. संध्याकाळच्या सुमारास पंचशीलाताईंच्या घरातून किंकाळी आली. मला वाटलं, साप! तर त्या ओल्या चेहऱ्यानं बाहेर आल्या.

"पाणी! नळाला पाणी!"

"नीरू बंतू! नीरू बंतू!" सगळी गल्ली घुमली. बायका घागरी भरून भरून एकमेकींच्या अंगावर ओतत होत्या. कुणीतरी हलगी आणली. मीसुद्धा आत जाऊन नळ सोडला, तो आधी खोकला, मग तांबडं, मग पांढरंशुभ्र पाणी! मी तिथंच ओट्याला टेकून हसत सुटले. आणि हसता हसता आठवलं, की बाहेर आत्याबाई अजून उपाशी आहेत.

बाहेर चन्नबसप्पा पांढऱ्या झब्ब्यात, हातात लिंबूसरबताचा पेला घेऊन उभे. लिंगराजचा मोबाईल त्यांच्यावर रोखलेला. त्यांनी वाकून आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "अव्वा, माझी चूक झाली. टाकी भरली. आता एवढं सरबत घ्या."

आत्याबाईंनी टाकीकडं बघितलं. "ती? ती तर शिमिटाची हाय."

"हौ, शिमिटाचीच," चन्नबसप्पा म्हणाले. "लोखंडाची म्हनलो न्हवतो मी!"

"मला काय करायची ती? आन् तुमी कोन?"

भीमण्णा पुढं सरसावले. "अक्का, ह्योच त्यो! गद्दार!"

आत्याबाईंनी चन्नबसप्पांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. "छ्या! ह्यो न्हवं. त्येला मिश्या हायत."

"भेऊन काढल्या असतील!" भीमण्णा म्हणाले.

 आता एक शब्द जरी त्या जास्त बोलल्या असत्या, तरी मोटर परत ट्रॅक्टरमध्ये! मी पेला हिसकावला आणि त्यांच्या तोंडापाशी नेला. "घ्या आत्याबाई, तुम्हाला चक्कर यायलीय!"

"मला कुठं चक्कर यायलीय? साडेसात वाजले का बघ!"

वाजले होते. आत्याबाई उठल्या, हार लोडावर टाकला आणि तडक घरात गेल्या. गर्दीला वाटलं, उपोषण आत सुटणार आहे. सगळे मागोमाग! सोफा भरला, सतरंजी भरली, खिडक्यांच्या गजांना माणसं. चन्नबसप्पा आत्याबाईंच्या शेजारी, लिंगराज दारात. मी पेला घेऊन खाली बसले. टीव्ही लावला, आणि कुणी काही विचारायच्या आत ढोल वाजले.

पडद्यावर चंद्राऊ. हातात पहार. ती टाक्याच्या तळाशी उतरते, कातळावर घाव घालते. एक घाव, दुसरा घाव. भीमण्णांनी कुजबुजत विचारलं, "ही कोन?"  सगळे नकळत पुढं वाकले होते. खडकाला चीर गेली. चिरेतून एक थेंब. मग धार. मग टाकं भरून वाहणारा लोंढा! गडावरची लेकरं पाण्यात उड्या मारायला लागली.

"आलं!" आत्याबाई ओरडल्या. "आलं गं माय, पानी आलं!" त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आणि काय सांगू, आमच्या खोलीतही टाळ्या! चन्नबसप्पांनी तर शिट्टी मारली!

मी संधी साधली. पेला ओठांना लावला. आत्याबाईंनी एका दमात सगळं सरबत संपवलं. लिंगराजनं चित्रित केलं. पंचशीलाताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता जग बुडालं तरी चालेल, असं मला वाटलं.

आणि पडद्यावर चंद्राऊनं डोळे उघडले. ती बिछान्यात होती. दासी म्हणाली, "बाईसाहेब, स्वप्न पडलं का?"

टाकं कोरडं. भाग समाप्त!

खोलीत टाचणी पडली असती तर हलगीसारखी वाजली असती. आत्याबाईंनी आधी रिकाम्या पेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तेवढ्यात चन्नबसप्पा सावकाश उठले. हुशार माणूस! एकदा टीव्हीकडं, एकदा आत्याबाईंकडं, एकदा माझ्याकडं बघितलं.

"टीचर," ते म्हणाले, "अव्वा कुठल्या टाक्यासाटी बसल्या होत्या?"

मी जमिनीकडं बघितलं. भीमण्णा माझ्याकडं बघायला लागले, आणि त्यांचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

"म्हंजे ह्या शिरेलीसाटी मी जिलेबी सोडून आलो? कलबुर्गीहून?" चन्नबसप्पांचा आवाज चढला. "कुनाय रे तिकडं! मोटर..."

त्यांचा फोन वाजला. रागारागानं उचलला. पलीकडून कुणीतरी जोरजोरात बोलत होतं, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. म्हाताऱ्या बाईच्या पाया पडून पाणी देणारा मालक तुम्हीच का? असा माणूस पाहिजे! प्लॉट शिल्लक आहे का? फोन ठेवला तर लगेच दुसरा. मग तिसरा. चन्नबसप्पांचा चेहरा उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखा मऊ होत गेला.

"आयतु, आयतु, झालंच समजा," ते फोनवर म्हणाले. "चोवीस तास पाणी! या की उद्या!" मग आमच्याकडं वळून गुरगुरले, "ह्ये बाहेर कुनी बोलायचं न्हाई." जाता जाता दारात थांबले. "आदीचे भाग कुठं बघायला मिळतात?"

गर्दी पांगली. बालाजी नेमका तेव्हाच दुकानातून आला आणि नळ सोडून बघत बसला. आत्याबाई सोफ्यावर तशाच. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. "चुकलंच माझं. मला वाटलं खरंच आलं."

"मला बी वाटलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "बाहेर त्या बाया नाचत व्हत्या त्या कशापायी?"

मी सगळं सांगितलं. टाकी, पाइप, घागरी, भीमण्णा, सगळं. आता चिडतील असं वाटलं. त्यांनी हात धुवायला नळ सोडला, धारेखाली हात धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून उभ्या राहिल्या.

"दोर न्हाई, पोहरा न्हाई," म्हणाल्या. "मोडलाच हाय उपास, तर वाढ भाकरी."

दोन भाकरी खाल्ल्या! तिसरी मागितली! मी सुटले, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. भीमण्णा, आणि त्यांच्या मागं गल्लीतली सगळी शहाणीसुरती माणसं, अगदी पंचशीलाताईसुद्धा! भीमण्णांनी घसा खाकरला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "टीचर, आपल्या गल्लीत रस्त्यावरचे दिवे न्हाईत. त्या सोनकड्यावर अंधार कधी पडणार हाय?"

मी त्यांना चांगलं फैलावर घेणार होते. देवाशप्पथ घेणार होते! पण तोंडातून निघालं ते असं, "मशाली संपत आल्यात म्हणे. सोमवारी मांडव टाकून ठेवा."